ढील द्यायला शिका!

मी मूळचा येवल्याचा. येवलं म्हटलं की ज्यांना फक्त पैठणी आठवते त्यांच्यासाठी सांगतो, आमच्याकडे भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस अख्खं गाव गच्चीवर असतं. हातात लाकडी आसारी, खाली हलकडीचा आवाज आणि डोक्यावर पतंगच पतंग. शाळेत जायच्या आधीपासून मी मांजा धरतोय. त्यामुळे तिसऱ्या वर्षाला असताना फेब्रुवारीत गोव्याला मोरजीच्या किनाऱ्यावर लोकांना भल्यामोठ्या पतंगाला लटकून पाण्यावरून सुसाट जाताना पाहिलं, तेव्हा मनात पहिला विचार आला, "ह्यात काय विशेष? हे तर आपण जन्मापासून करतोय!"

ओळख काढून एकाकडून काईट मागितला. त्याने दोनदा विचारलं, "शिकला आहेस ना?" मी छाती काढून म्हटलं, "येवल्याचा आहे!" पुढच्या दहा मिनिटांत माझा उजवा खांदा निखळलेला होता.

चूक सर्वस्वी माझी. तीन आठवडे हात गळ्यात. मशीन डिझाइनचं सबमिशन रूम-पार्टनरने लिहून दिलं (सरांनी हे वाचू नये). पण त्या तीन आठवड्यांत एकच प्रश्न डोक्यात होता. नक्की काय झालं? या वर्षी फेब्रुवारीत परत गेलो, या वेळी रीतसर शिकायला. जे कळलं ते आज लिहितोय. कारण असं की आपल्याच हॉस्टेलचे तिघेजण मेच्या सुट्टीत जुना काईट विकत घेऊन, व्हिडिओ बघून, कोकणात कुठेतरी 'ट्राय' करणार आहेत. मित्रांनो, हा लेख आधी तुमच्यासाठी आहे.

यंत्र समजून घ्या

काईटबोर्डिंगचा पतंग कागद-कामटीचा नसतो. कापडाचा असतो आणि त्याच्या पुढच्या कडेला हवा भरलेली जाड नळी असते. पतंग पाण्यात पडला तर बुडू नये आणि तिथूनच पुन्हा उडवता यावा यासाठी ही युक्ती. फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या भावांनी १९८४ साली अशा पतंगाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९९७ मध्ये 'विपिका' नावाने त्यांचा काईट बाजारात आला. त्याच सुमाराला अमेरिकेत बोइंगमधले एक इंजिनिअर, बिल रोसलर, आपल्या मुलाबरोबर वेगळ्या पद्धतीने हेच करत होते. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मार्सेच्या समुद्रात काईटची शर्यत पहिल्यांदा झाली. म्हणजे हा खेळ मुळात इंजिनिअर लोकांचाच!

पतंगापासून साधारण वीस-पंचवीस मीटर लांबीच्या चार दोऱ्या येतात आणि एका दांड्याला जोडलेल्या असतात. हा दांडा म्हणजे बार. कमरेला रुंद पट्टा, तो हार्नेस. बारच्या मधून आलेली एक कडी हार्नेसच्या हुकात अडकते, तिला म्हणतात चिकन लूप. (आपल्या मेसच्या रविवारच्या चिकनशी संबंध नाही, त्यात तर लूपही सापडत नाही.) थोडक्यात, पतंगाची मुख्य ओढ हाताला नाही, कमरेला बसते. हात फक्त बार फिरवायला आणि पुढे-मागे करायला.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. बार स्वतःकडे ओढला की पतंगाचा वाऱ्याशी होणारा कोन वाढतो, ओढ वाढते. बार पुढे सोडला की कोन कमी होतो, ओढ कमी होते. आमच्या येवल्याच्या भाषेत सांगायचं तर ओढणं म्हणजे खेच आणि सोडणं म्हणजे ढील.

वर्गाचा हिशेब

फ्लुइड मेकॅनिक्सच्या ओरलला हमखास विचारलं जाणारं सूत्र आठवा :

बल = ०.५ × हवेची घनता × वेगाचा वर्ग × क्षेत्रफळ × गुणांक

घनता १.२ किलो प्रति घनमीटर, पतंग १२ चौरस मीटरचा, गुणांक ढोबळमानाने १ धरू. वारा सेकंदाला ६ मीटर, म्हणजे सुमारे १२ नॉट असेल, तर बल येतं २५९ न्यूटन, म्हणजे साधारण २६ किलोची ओढ. ठीक आहे, झेपेल. आता वारा दुप्पट करा, सेकंदाला १२ मीटर. ओढ दुप्पट नाही, चौपट! १०३७ न्यूटन, म्हणजे सुमारे १०६ किलो. माझं वजन ६२. उरलेलं गणित माझ्या खांद्याला विचारा.

आणि हे तर पतंग एका जागी स्थिर असताना. पतंग हवेत झेप घेत धावतो तेव्हा त्याला लागणारा वारा खऱ्या वाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि त्याचाही वर्गच होतो. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. समोर डावीकडे नऊ, डोक्यावर बारा, उजवीकडे तीन असं अर्ध्या घड्याळाचं वर्तुळ कल्पा. या कडेवर पतंग असेल तर ओढ सर्वात कमी. कडेवरून तो समोरच्या मधल्या भागात शिरला की ओढ एकदम उसळते. म्हणूनच पतंग उडवताना नेहमी कडेवरून उडवायचा, मधून कधीच नाही.

माझं काय झालं ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. वारा चांगला वीस नॉटच्या वर. त्या वाऱ्याला माझ्या वजनाच्या माणसाने खूपच लहान पतंग घ्यायला हवा होता, मी बारा मीटरचा घेतला. पतंग डोक्यावर होता, मी बार जोरात वळवला, तो मधल्या भागातून खाली झेपावला. झटका बसला. घाबरलो. आणि घाबरल्यावर माणूस जे करतो तेच केलं, बार घट्ट धरून छातीशी ओढला. खेच! पलीकडून कोणीतरी ओरडत होतं, "सोड रे! बार सोड!" मला ऐकू येत होतं. पण हात सुटेना. पंधरा-वीस मीटर वाळूवरून फरफटत गेलो.

ओरलचा प्रश्न : सोडल्यावर काय होतं?

मुंबईच्या लोकलच्या मोटरमनच्या हाताखाली डेडमॅन हँडल असतं. त्याने हात काढला की गाडीला ब्रेक लागतो. म्हणजे माणूस काहीच करू शकला नाही तरी यंत्र सुरक्षित बाजूला जातं. आजच्या काईटची रचना याच तत्त्वाची आहे. सोडण्याच्या तीन पायऱ्या आहेत. त्या पाठ करा, व्हायवासारख्या नव्हे, स्वतःच्या नावासारख्या.

पहिली : बार सोडा. हात मोकळे. बार पुढे सरकतो, पतंगातली बहुतेक ओढ जाते. दहापैकी नऊ वेळा एवढंच पुरतं.

दुसरी : क्विक रिलीज. चिकन लूपवर ठळक रंगाची एक पकड असते, ती ढकलली की लूप उघडतो. पतंग आता फक्त एका दोरीवर राहतो आणि झेंड्यासारखा फडफडत खाली येतो.

तिसरी : लीश सोडा. एवढं करूनही पतंग ओढतच असेल, दुसऱ्याच्या दोऱ्यांत अडकला असेल, तर ती शेवटची दोरीही सोडायची. पतंग जाईल. जाऊ द्या. पतंग पुन्हा मिळतो.

या सुटकेच्या यंत्रणेसाठी २०२० साली आयएसओ २१८५३ हे आंतरराष्ट्रीय मानकही आलं. पण मानक यंत्राला लागू होतं, आपल्या हाताला नाही. आमचे प्रशिक्षक मोरजीचेच, आम्ही त्यांना दादा म्हणायचो. पहिल्या दिवशी त्यांनी पतंग बाहेर काढलाच नाही. बार एका खांबाला बांधला, मला हार्नेस घातला, म्हणाले, "डोळे मीट. मी ओढीन तेव्हा सोड." चाळीस वेळा! मी वैतागून म्हटलं, "दादा, समजलं." तर म्हणाले, "तुला समजलंय रे. तुझ्या हाताला समजलं नाही अजून."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय.

वारा ओळखा : पाचवीचा भूगोल

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, आठवतं? दिवसा जमीन लवकर तापते, समुद्राकडून जमिनीकडे वारा येतो, तो खारा. रात्री जमीन लवकर निवते, जमिनीकडून समुद्राकडे वारा जातो, तो मतलई. तेव्हा दोन मार्कांसाठी पाठ केलं होतं. इथे तो जीवनमरणाचा प्रश्न आहे.

मतलई वाऱ्यात काईट उडवायचा नाही. कधीच नाही. किनाऱ्यावर पाणी शांत दिसतं, मोह होतो. पण काही बिघडलं तर वारा तुम्हाला भर समुद्रात नेतो. पहाटेचा आणि सकाळचा वारा बहुधा असाच असतो. वारा सरळ समोरून, काटकोनात किनाऱ्यावर येत असेल तर तोही नवशिक्याला वाईट, कारण तो तुम्हाला झाडांवर, खडकांवर, शॅकवर आणून आपटू शकतो. सर्वात बरा तो तिरका, किनाऱ्याच्या कडेकडेने येणारा आणि थोडा किनाऱ्याकडे झुकलेला. पेडणे तालुक्यातल्या मोरजी, आश्वे, मांद्रे या पट्ट्यात फेब्रुवारी ते मे दुपारनंतर वायव्येकडून असाच वारा सुटतो. समुद्राकडे तोंड करून उभे राहा, वारा उजव्या गालाला लागतो. म्हणून तर तिथे लोक शिकायला येतात.

वारा किती आहे? यंत्र असेल तर उत्तम. नसेल तर पाणी बघा. सात ते दहा नॉटला लाटांच्या माथ्यावर कुठे कुठे फेस दिसायला लागतो, अकरा ते सोळाला बऱ्याच ठिकाणी. सगळा समुद्र पांढरा दिसत असेल तर नवशिक्याने वाळूवर बसून शेंगदाणे खावेत.

मे महिन्यात जाणाऱ्यांनो, आणखी एक. वळवाचा पाऊस. दुपारी जमिनीकडे काळे ढग जमले तर पतंग लगेच उतरवा. अशा ढगाखालून येणारा वारा दोन-तीन मिनिटांत दुप्पट होऊ शकतो आणि दिशाही फिरवतो. दुप्पट म्हणजे काय ते वर सांगितलंय : चौपट. वीज वेगळीच. आणि जून ते सप्टेंबर खवळलेल्या समुद्राच्या वाटेला जायचंच नाही.

वाऱ्याइतकंच पाणीही बघा. मोरजीच्या दक्षिणेला शापोरा नदीचं मुख आहे. ओहोटीला नदीचं पाणी जोरात समुद्रात शिरतं. वायव्य वारा तुम्हाला दक्षिणेकडे म्हणजे त्याच मुखाकडे ढकलतो. त्यामुळे पाण्यात उतरण्याआधी 'मी वाहत गेलो तर कुठे जाईन?' हा प्रश्न स्वतःला विचारा. उत्तर आवडलं नाही तर उतरू नका. त्याच टोकाला तेंबवाड्याजवळ ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. ती जागा आखून ठेवलेली असते, तिथे पाय किंवा पतंग काहीही टाकू नका.

शिकण्याचा क्रम

साधारण नऊ ते बारा तासांत माणूस बोर्डवर उभा राहायला लागतो. क्रम असा :

१) छोटा सरावाचा पतंग, वाळूवर. बघायचं ते पतंगाकडे नाही तर समोर. पतंग हाताला कळला पाहिजे.

२) मोठा पतंग जोडणं. दोऱ्या जमिनीवर पसरून शेवटपर्यंत चालत जायचं, एकही गुंता नको. एक दोरी चुकीच्या जागी लागली तर पतंग उडताक्षणी वेडा होतो. या दोऱ्या बारीक पण भयंकर मजबूत, एकेक दोनशे किलोहून जास्त ताण घेते. बोटाला किंवा पायाला विळखा पडला तर नायलॉन मांजा परवडला. ताणलेली दोरी कधीही हाताने धरू नका.

३) उडवणं आणि उतरवणं, दोन्ही वेळी मदतनीस. अंगठा वर म्हणजे 'सोड', डोक्यावर थापट्या म्हणजे 'मला उतरायचंय, पतंग पकड'. वाऱ्याच्या खालच्या बाजूला किमान पन्नास मीटर मोकळी जागा, जास्त तितकी चांगली. माणसं, कुत्री, आराम-खुर्च्या असल्या तर पुढे चालत जा.

४) बोर्डशिवाय पाण्यात. पतंगाने शरीर ओढत न्यायचं, आधी वाऱ्याबरोबर, मग वाऱ्याला तिरकं. हे कंटाळवाणं वाटतं, पण हातातून निसटलेला बोर्ड परत मिळवायचा हाच मार्ग. बोर्ड दोरीने पायाला बांधू नका. पडल्यावर पतंग तुम्हाला ओढतो, बोर्ड मागे अडकतो आणि ताणलेली दोरी त्याला गोफणीसारखा डोक्यावर आणते.

५) मग बोर्ड.

सोबत हेल्मेट, छातीला जाड जॅकेट आणि हार्नेसवर दोरी कापायची आकडी सुरी. पोहता येत नसेल तर आधी पोहायला शिका, हे सांगायला लागू नये. रहदारीचा नियमही आहे : समोरून दुसरा आला तर ज्याचा उजवा हात पुढे आहे त्याचा हक्क पहिला. किनाऱ्यावरून निघणाऱ्याला आत येणाऱ्याने वाट द्यायची. जवळून जाताना वाऱ्याच्या वरच्या बाजूच्याने पतंग उंच ठेवायचा, खालच्याने खाली. नाहीतर पेच लागतो, आणि हा पेच काटायचा नसतो.

संध्याकाळी साडेपाच

माझ्या कोर्सचा शेवटचा दिवस. बोर्डवर उभा राहत होतो, शंभर मीटरसुद्धा जात होतो. आनंदात आणखी एक फेरी, आणखी एक फेरी करत किनाऱ्यापासून दोनशे मीटर आत गेलो. आणि वारा पडला. ऊन उतरलं की खारा वारा मरतो, हे मीच वर लिहिलंय. तेव्हा विसरलो होतो. पतंग हळूच पाण्यात बसला. पुन्हा उडेना.

पाण्यात एकटं असताना पोटात काय होतं ते सांगता येत नाही. पहिला विचार, सगळं टाकून पोहत सुटावं. हीच चूक माणसं करतात. पतंग म्हणजे हवा भरलेली मोठी नाव आहे, लांबून दिसते. माणसाचं डोकं लाटांत दिसत नाही.

दादांनी शिकवलेलं तोंडाने पुटपुटत करत गेलो. क्विक रिलीज. मग सुरक्षेची एकच दोरी आधी बारवर गुंडाळायची, कितीतरी वेढे, म्हणजे मध्येच वारा आला तरी पतंग ताकद घेत नाही. मग बाकीच्या तिन्ही एकत्र. बारवरच गुंडाळायच्या, हातावर नाही. दोऱ्या संपल्या की पतंगापर्यंत पोहोचायचं, त्यावर आडवं व्हायचं, एक टोक हाताने वर धरायचं, शीड तयार! उरलासुरला वारा मला किनाऱ्याकडे नेऊ लागला. मध्येच पाय मारत होतो. चाळीस मिनिटं लागली. दादा किनाऱ्यावरून माझ्या बरोबरीने दक्षिणेकडे चालत येत होते, डोळा माझ्यावरच. गुडघाभर पाण्यात आले, पतंग धरला आणि एवढंच म्हणाले, "या वेळी सोडलंस."

आता तुम्हा तिघांना. जुना काईट घेताना तो कधीचा आहे विचारा. २००५-०६ च्या आधीच्या बऱ्याच काईटमध्ये बार सोडल्यावरही ओढ पुरेशी जात नसे, म्हणून ते स्वस्तात मिळतात. व्हिडिओ जरूर बघा, पण व्हिडिओ तुमचा हात खांबाला बांधून चाळीस वेळा सोडायला लावत नाही. तुम्ही वाहत गेलात तर व्हिडिओ किनाऱ्यावरून चालतही येत नाही. पैसे साठवा, एक सीझन थांबा, शिकून घ्या. एकट्याने जाऊ नका. मी येतो बरोबर, मदतनीस म्हणून. अंगठा वर केलात की पतंग सोडीन, डोक्यावर थापट्या मारल्यात की धरीन.

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आपल्याला धरून ठेवायलाच शिकवतात. मार्क धरा, अटेंडन्स धरा, कॅम्पसची सीट धरा. सोडायचं कधी, हे मला समुद्राने शिकवलं. यंदाच्या संक्रांतीला गच्चीवर धाकट्या भावाने विचारलं, "दादा, ढील देऊ का खेचू?" आता मोरजीहून परत आल्यावर त्याला फोन करून सांगितलं, "आधी ढील द्यायला शिक. खेचायला सगळ्यांनाच येतं."

— अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी